डिस्ने वर्ल्डला सहा जणांचं पाच दिवसांचं खाणं: डबा न्यावा की पाकीट सैल सोडावं?

एडिसनची_सातारकर

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये पोरांच्या स्प्रिंग ब्रेकला फ्लोरिडाला, डिस्ने वर्ल्डला चाललोय. आम्ही दोघं, मुलगी नुकतीच १० वर्षांची झालेली, मुलगा ६ वर्षांचा आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. सगळे एकत्र मावावेत म्हणून 'आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन' हॉटेलमध्ये फॅमिली स्वीट घेतलाय, पाच रात्री. विमान, हॉटेल, तिकिटं यांचे पैसे भरले तेव्हाच डोळे पांढरे झाले होते. आता नवऱ्याने खाण्याची एक्सेल शीट केली आहे. माणशी नाश्ता १२ डॉलर, दुपारचं १८, रात्रीचं २२, पाणी-आईस्क्रीम-सटरफटर १२. झाले ६४. सहा माणसं, पाच दिवस, १९२०. वर साडेसहा टक्के टॅक्स. म्हणजे दोन हजारांच्या वर, आणि एवढ्यात एकदाही वेटरने आणून वाढलेलं जेवण नाही. सगळं काउंटरवरून ट्रे उचलून.

शीट आप्पांनी (सासरे) पाहिली. आप्पा प्रत्येक आकड्याचे रुपये करतात. पाण्याची बाटली चार डॉलर म्हटल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "साडेतीनशे रुपये? पाण्याला?" त्यानंतर ते दोन दिवस फारसं बोलले नाहीत.

अडचणी अशा: आई (सासूबाई) पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि त्या पाच दिवसांतच एकादशी येतेय. मुलगा पास्ता आणि वरणभात सोडून तिसरं काही खात नाही. आणि मुलगी म्हणते, डिस्नेमध्ये तू पोळीभाजीचा डबा उघडलास तर मी तुला ओळखत नाही.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात का? डायनिंग प्लॅन (जेवणांचे पैसे आधीच भरायची डिस्नेची योजना) घ्यावा का? कोणी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. "एंजॉय करा, पैशांचा विचार करू नका" असे प्रतिसाद नकोत, तो विचार करूनच झोप उडालीये.

---

टँपाकर

बाहेरचं खाणं नेता येतं. आम्ही वर्षात तीन-चारदा जातो, कधी कोणी अडवलं नाही. काचेची बाटली किंवा बरणी नको (बाळाच्या खाण्याची छोटी बरणी चालते), दारू नको, सुटा बर्फ नको. त्याऐवजी गोठवलेले आईस पॅक ठेवा. कूलर २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको. गरम करावं लागेल असं आणि उग्र वासाचं काही नको, असं त्यांच्या नियमात आहे. लसणीच्या चटणीचं काय ते तुम्ही ठरवा. :)

विमानाने येताय तर लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ते द्रवात धरतात. कोरडी चटणी, मेतकूट हातात चालतं, पण डबा मोठा असेल तर पावडर म्हणून बाजूला काढून तपासतात. माझ्या आईच्या मेतकुटाची नेवार्क विमानतळावर अशी कसून तपासणी झाली होती. शेवटी त्या बाईंनी वास घेतला आणि सोडलं.

पाणी विकत घेऊ नका. जिथे जिथे काउंटरवरून खाणं मिळतं तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, काही विकत घ्यायची गरज नाही. आप्पांना आधी हे सांगा.

---

डबेवाली_काकू

सातारकर, तुमचा धागा वाचून बसल्या जागी हसले, कारण तुमची शीट म्हणजे आमची पहिली ट्रिप आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, गाडीने जातो. तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला काहीच नेलं नाही. दुसऱ्या खेपेला लग्नाचं वऱ्हाड निघाल्यासारखं नेलं: साठ दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवड्याचा डबा, लाडू, कोथिंबीर वडी. वडी दुसऱ्या दिवशी आंबली, चाळीस दशम्या तशाच परत आल्या. तिसऱ्या खेपेला जमलं.

तीन खेपांत मला एक कळलं. तिथे महाग जेवणापेक्षा अवेळी लागलेली भूक जास्त पैसे खाते. साडेबाराला पोरं कळवळतात, ऊन डोक्यावर असतं, तुम्ही पार्कच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असता आणि समोर जे दिसेल त्याच्या रांगेत उभे राहता. मग ज्याला भूक नाही तोही "आलोच आहोत तर" म्हणून काहीतरी घेतो. आमची पहिल्या ट्रिपची सगळ्यात मोठी बिलं काढून पाहिली तर एकही रात्रीच्या जेवणाचं नव्हतं. सगळी दुपारी एक ते दोनमधली.

म्हणून आमचा बेत असा. नाश्ता खोलीतच. तुमच्या फॅमिली स्वीटमध्ये फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही आहेत, हे साध्या खोल्यांत नसतं (तिथे फक्त फ्रिज), तेव्हा तुम्ही निम्मी लढाई जिंकलेली आहे. निघायच्या आधीच किराणा ऑनलाइन मागवा, हॉटेलवर आणून देतात. दूध, दही, ब्रेड, केळी, सीरियल, पीनट बटर, टॉर्टिया. तुम्ही खोलीत नसाल तर बेल सर्व्हिसवाले (हॉटेलात सामान सांभाळणारे) सामान फ्रिजमध्ये ठेवतात आणि पाच-सहा डॉलर घेतात. पाण्याचा एक क्रेटही मागवा, सकाळी बाहेर पडताना बाटल्या सॅकमध्ये.

मग ११ वाजता, भूक लागायच्या आधी, डबा. आधी म्हणजे आधी. मुलं "नको, आत्ता नको" म्हणतील, तरी एकेक दशमी हातात द्याच. आमची जागा एपकॉट पार्कात ठरलेली आहे. 'द लँड' नावाच्या पॅव्हिलियनमध्ये खाली 'सनशाइन सीझन्स' म्हणून मोठं फूड कोर्ट आहे, आत एसी, भरपूर टेबलं. मुलांसाठी तिथलं एखादं काहीतरी घ्यायचं, मोठ्यांनी दशमी-चटणी काढायची. मागच्या वेळी माझ्या सासूबाईंनी तिथे टेबलावर आधी पेपर नॅपकिन अंथरला, त्यावर दशमी, बाजूला शेंगदाण्याची चटणी, चटणीत बोटाने खळगा करून त्यात तेलाची धार. दोन औंसांच्या औषधाच्या बाटलीतून, बरं का, घरून भरून आणलेली. शेजारच्या टेबलावरची एक आजी बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, हे कुठल्या काउंटरवर मिळतं?

तुमच्या मुलीला हे सांगा. (माझा मुलगाही तोंड लपवायचा. बाराव्या वर्षी लपवत होता, चौदाव्या वर्षी "आई, दशम्या घेतल्यास ना" असं स्वतः विचारत होता.)

दुपारचं पार्कातलं खाणं घ्यायचंच असेल तर मोबाइल ऑर्डर करा. सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभ्या असाल तेव्हाच डिस्नेच्या अ‍ॅपवर ११ किंवा साडेअकराची वेळ धरून ठेवा. दुपारी एकला अ‍ॅप उघडलंत तर अडीचची वेळ दाखवेल, आणि तोवर आईस्क्रीम, प्रेट्झेल, पॉपकॉर्न असे तीस डॉलर गेलेले असतात. मॅजिक किंगडम पार्कात 'कोलंबिया हार्बर हाउस'मध्ये वरच्या मजल्यावर बसायला जागा असते, खालच्यापेक्षा शांत. वयस्कर माणसांना अर्धा तास पाय सोडून बसायला ती जागा सोन्यासारखी.

मुलांचं ताट काउंटरच्या ठिकाणी मोठ्यांनाही घेता येतं. आमचे आप्पा (आमच्याकडेही आप्पाच) पास्त्याचं किड्स मील घ्यायचे. फळ, पेय वगैरे त्यातच येतं आणि मोठ्या ताटाच्या जवळपास निम्म्या पैशांत होतं. तेवढं त्यांना पुरायचं, वर उरायचं.

वसंतात एपकॉटमध्ये फुलांचा उत्सव असतो. तिथे सगळीकडे छोटे स्टॉल लागतात, सहा-सात-आठ डॉलरला चार घास. दिसायला स्वस्त. सहा माणसांनी वर्ल्ड शोकेसच्या (एपकॉटमधला देशोदेशींच्या दालनांचा भाग) अकरा देशांत प्रत्येकी एकेक घास घेतला तर हिशेब तुम्हीच करा. आम्ही दोनच स्टॉल ठरवून जातो आणि सगळ्यांत मिळून दोन-दोन प्लेट घेतो.

एकादशीचं: साबुदाणा घरूनच न्या, रात्री भिजवून फ्रिजमध्ये. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये तूप-जिरं एक मिनिट, मग साबुदाणा, दाण्याचं कूट, मीठ-साखर, मिरची, दोन-दोन मिनिटांनी बाहेर काढून हलवत राहा. कढईसारखी मोकळी होत नाही पण चिकट गोळाही होत नाही. पार्कात राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर. फ्रेंच फ्राइजच्या भरवशावर राहू नका, त्याच तेलात काय काय तळतात ते विचारावं लागतं, आणि विचारलं की खरं उत्तर मिळतं. मग आईंचा तोही घास जातो.

फोडणी मात्र खोलीत अजिबात नको. स्मोक अलार्म वाजला तर अख्खा मजला रात्रीच्या कपड्यांत बाहेर उभा राहील.

---

बिनपगारी_बल्लव

काकूंचा प्रतिसाद झकास, पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. या साठ दशम्या लाटल्या कोणी?

आमच्याकडे मागच्या वर्षी हेच झालं. ओरलँडोला निघायच्या आदल्या रात्री बायको दीड वाजेपर्यंत ओट्यापाशी. सकाळी सहाचं विमान. पहिल्या दिवशी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या बोटीत ती झोपली, फोटो आहे. नवऱ्यांच्या एक्सेलमध्ये या रात्रीचा रकाना नसतो. तेव्हा सातारकर, शीटमध्ये तो घाला आणि मग किती वाचले ते बघा.

आमचा तोडगा: घरून फक्त कोरडं आणि टिकाऊ. विकतचे खाकरे, चिवडा, मेतकूट, चटणी, लाडू. दशम्या हव्याच असतील तर पहिल्या दीड दिवसापुरत्या. बाकी सँडविच, पीनट बटर लावलेल्या टॉर्टियाच्या गुंडाळ्या, दही आणि दहीभातासाठी मायक्रोवेव्हमध्ये होणारा तयार भात. रोज सकाळी डबे भरणं माझ्याकडे, म्हणून हे टोपणनाव.

डायनिंग प्लॅनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्यासाठी नाही. खोलीतल्या तीन वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, दोघांनी घेतला आणि चौघांनी नाही असं चालत नाही. आणि डिस्नेच्या जेवणाच्या हिशेबात १० वर्षांचं मूल मोठं. म्हणजे तुमच्याकडे पाच मोठे, एकच लहान. साधा क्विक सर्व्हिस (काउंटरवरच्या खाण्याचा) प्लॅन मोठ्या माणसाला रात्रीमागे साठेक डॉलर. दोन जेवणं, एक स्नॅक आणि हॉटेलात भरून घ्यायचा एक मग. पाच मोठे गुणिले पाच रात्री, तिथेच १५०० होतात. आई-आप्पा निम्मं ताट खाणार आणि पैसे पूर्ण ताटाचे. वर "क्रेडिट उरलंय" म्हणून शेवटच्या दिवशी भूक नसताना खायचं ते वेगळं.

आता जिथे खर्च करायचा ते सांगतो, कारण सगळीकडेच हात आखडला तर आप्पा साताऱ्याला जाऊन सांगतील की अमेरिकेत दशमी खाल्ली. मिकी-मिनी येऊन भेटतात तो बुफे सोडा, मोठ्या माणसाला पन्नास डॉलरच्या वर जातो, आणि आई त्यातलं काय खाणार? त्याऐवजी 'साना' रेस्टॉरंटला जा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेजमध्ये आहे. आफ्रिकन आणि भारतीय चवींचं मिश्रण. तिथली 'ब्रेड सर्व्हिस' मागवा, पाच तऱ्हेच्या रोट्या-नान आणि सोबत नऊ चटण्या-तोंडीलावणी. वीस-पंचवीस डॉलर, दोन घेतल्या तर सहा जणांना आरंभाला पुष्कळ. खिडकीबाहेर माळावर जिराफ, झेब्रे फिरतात. उजेड असताना जा, अंधारात जिराफ दिसत नाहीत. ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, ते करून ठेवा. तुमच्या हॉटेलातून तिथे थेट बस नाही, म्हणून ज्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम पार्क कराल त्याच दिवशी संध्याकाळी पार्कातून लॉजची बस पकडा.

आणि हो, तुमच्या हॉटेलला स्कायलायनर आहे, म्हणजे पाळण्यातून एपकॉट किंवा हॉलीवुड स्टुडिओज. मध्ये कॅरिबियन बीच हॉटेलपाशी बदलायचा. त्या दोन पार्कांच्या दिवशी दुपारी खोलीवर या, भात-दही खा, आप्पांना तासभर पडू द्या, चारला परत. पार्किंगचे पैसे नाहीत, बसची वाट नाही. दुपारची ती महाग वेळ, काकू म्हणतात ती, खोलीत काढायची.

---

डबेवाली_काकू

बल्लव, दशम्या मीच लाटल्या, आणि तुमचं बरोबर आहे. तिसऱ्या खेपेला वीसच केल्या होत्या, ते लिहायचं राहिलं. नवरा गाडी चालवत होता म्हणून त्याला सूट. विमानाने गेलो असतो तर नसती दिली.

---

एडिसनची_सातारकर

मंडळी, परत आलो. उशिरा लिहितेय, कपड्यांचा डोंगर उपसत होते.

आधी आकडे, कारण नवरा पाठीमागे उभा आहे. एकूण ११८० डॉलर. त्यात हॉटेलवर मागवलेला किराणा १३०, साना १७०, पार्कातली आणि हॉटेलातली जेवणं ६१०, आईस्क्रीम-पॉपकॉर्न १९०, कॉफी-चहा ८०. चहाचे ८० बघून मलाच धक्का बसला. पुढच्या वेळी चहापावडर आणि दूध पावडर. टी-बॅगवर आईंचा विश्वास नाही, त्या पेल्यात बघून म्हणायच्या, "अगं, हा चहा आहे की चहाने अंघोळ केलेलं पाणी?"

वीस दशम्या केल्या, त्यातल्या आठ नवऱ्याने लाटल्या. नकाशे झाले, पण चवीला तशाच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या.

फजिती एकच. चौथ्या दिवशी मॅजिक किंगडमला डबे हॉटेलच्या फ्रिजमध्येच राहिले. कोणी घ्यायचे होते यावर अजून एकमत नाही. त्या दिवशी अ‍ॅपही आधी उघडलं नव्हतं. दीड वाजता, ऊन रणरणतंय, मुलगा रडतोय, जे समोर दिसलं तिथे शिरलो आणि ९६ डॉलर मोजले. त्यातलं निम्मं ताटात राहिलं. काकू, तेव्हा तुमची इतकी आठवण आली की काय सांगू.

एकादशीची खिचडी जमली. तुम्ही म्हणालात तशी, अगदी मोकळी नाही. आईंनी हलवायचा चमचा माझ्या हातातून काढूनच घेतला आणि मायक्रोवेव्हसमोर खुर्ची टाकून बसल्या, दर दोन मिनिटांनी दार उघडायला. नंतर म्हणाल्या की साताऱ्याला असला एक घेऊया.

सानामध्ये साडेपाचची वेळ मिळाली होती. जिराफ आला, खिडकीपासून फार लांब नाही. मुलगी जेवण सोडून काचेला नाक लावून उभी, आणि आप्पांनी तेवढ्यात तिच्या वाटणीचा शेवटचा नान उचलला. नऊ चटण्यांत एक आंबट लोणच्यासारखी होती, तिची वाटी आईंनी पुसून संपवली.

पाण्याचं सांगायचं राहिलं. टँपाकरांचं वाक्य आप्पांनी शब्दशः पाठ केलं होतं. इंग्रजी फार बोलत नाहीत, पण प्रत्येक काउंटरवर स्वतः जायचे, बोटं दाखवून "सिक्स आईस वॉटर, प्लीज" म्हणायचे आणि ट्रे घेऊन विजयी मुद्रेने यायचे. पाण्याला जरा क्लोरीनचा वास येतो, म्हणून आईंनी पर्समध्ये लिंबू सरबताची पावडर ठेवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी हिशेब सांगितला, "आज अठरा ग्लास, म्हणजे सहा हजार रुपये वाचले." तिसऱ्या दिवशी मिकीच्या कानांचं चॉकलेट आईस्क्रीम खाल्लं, साडेसहा डॉलरचं. चौथ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी आम्हाला न सांगता एकटेच जाऊन दोन घेऊन आले, एक आईंना. मी विचारलं, आप्पा, रुपये किती झाले? म्हणाले, "वितळतंय, खाऊ दे आधी."

काकू, दशम्यांचं पिठाचं आणि दुधाचं प्रमाण टाका ना. नवऱ्याला हवंय.